कालव्याच्या पाण्याबद्दल गावाचं समाधान कसं मोजायचं: टेलच्या खाचरापासून कार्यकारी अभियंत्याच्या टेबलापर्यंत

फेब्रुवारी उजाडला की कोकणातल्या कालव्याखालच्या गावांत एक निवेदन हमखास तयार होतं. 'आमच्या गावास कालव्याचे पाणी मिळत नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली पन्नास-साठ सह्या. महिना-दीड महिन्याने कार्यालयाचं उत्तर येतं: कालव्यात अमुक तारखेस पाणी सोडण्यात आले होते, आपल्या गावातून पाणी मागणी अर्ज प्राप्त नाहीत. विषय तिथेच संपतो.

दोन्ही पत्रं खरी असतात, गोम तिथेच आहे. कालव्याच्या मुखाशी पाणी सुटलेलं असतं आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतात ते पोचलेलं नसतं. मधल्या अंतरात काय झालं हे कुणीच लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून 'शेतकरी नाराज आहेत' हे वाक्य कितीही मोठ्या आवाजात सांगितलं तरी त्यावर काम निघत नाही. नाराजी कुठल्या आउटलेटवर (कालव्यातून शेतांकडे पाणी सोडणाऱ्या दारावर), कुठल्या आवर्तनात (पाणी सोडण्याच्या पाळीत), कशाबद्दल आणि किती जणांची, हे कागदावर आलं तरच पुढची हालचाल होते.

नाराजी अशी मोजून कागदावर आणायचं काम गावातली चार-पाच माणसं एका हंगामात करू शकतात. पण क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते, आणि नेमका क्रमच चुकतो. बहुतेक जण शेवटच्या टप्प्यापासून, म्हणजे निवेदनापासून सुरुवात करतात.

टप्पा १: पाणी कुणाच्या ताब्यातलं आहे ते आधी पाहा

कोकणातले मोठे, मध्यम आणि बरेच लघु प्रकल्प कोकण पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहेत. महामंडळ १९९७ पासूनचं, मुख्यालय ठाण्याला. पण गावातला छोटा पाझर तलाव किंवा कोल्हापुरी बंधारा जिल्हा परिषदेकडे असू शकतो. वनराई बंधारा तर आपणच घातलेला असतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो आणि तेवढ्यात हंगाम निघून जातो.

त्यानंतर पाणी मुळात येतं कुठून हे समजून घ्या. रायगडातल्या काळ प्रकल्पाचे कालवे कुंडलिकेवरच्या डोलवहाळ बंधाऱ्यापासून निघतात आणि त्यांना भिरा वीजगृहातून सुटलेलं पाणी मिळतं. कर्जतच्या राजनाला कालव्याला भिवपुरी वीजगृहाचं पाणी आहे. तिथे वीजनिर्मिती कमी झाली की कालवाही कमी होतो, मग खालच्या पाटकऱ्यावर (कालव्याचं पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर) कितीही ओरडलं तरी उपयोग नाही. खेडच्या नातूवाडीसारख्या धरणाचं गणित वेगळं, तिथे साठा डोळ्यांसमोर असतो. तिलारीचं पाणी गोवा आणि महाराष्ट्र अशा दोन राज्यांचं आहे. डहाणू-पालघरकडच्या सूर्या प्रकल्पातून आणि पेणच्या हेटवण्यातून शहरांनाही पाणी जातं. तेव्हा आपला प्रश्न 'पाणीच कमी आहे' हा आहे की 'आहे ते पोचत नाही' हा, ते या टप्प्यावर वेगळं करा. दोन्हींवरची मागणी वेगळी असते.

गावात पाणी वापर संस्था (कालव्याखालच्या शेतकऱ्यांची संस्था) आहे का, तेही आताच विचारून घ्या. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा २००५ चा राज्याचा कायदा लागू असलेल्या भागात पाणी संस्थेला मोजून दिलं जातं, आणि शेतकऱ्याची मागणी संस्थेकडे जाते. संस्था फक्त कागदावर असेल, निवडणूक झालेली नसेल, तर तीच पहिली अडचण आहे. ती सोडवायच्या आधी सर्वेक्षणाला हात घालू नका.

*तपासा:* शाखा कार्यालयाचं नाव, उपविभाग, विभाग, आपल्या वितरिकेचं (मुख्य कालव्याच्या फाट्याचं) नाव, मायनरचं (वितरिकेच्या लहान फाट्याचं) नाव आणि आउटलेटचा नंबर. ही सहा नावं एका कागदावर उतरवता आली तर पुढे जा. आउटलेटचा नंबर पुसलेला असेल तर शाखा अभियंत्यांना विचारून घ्या, अंदाजाने घालू नका.

टप्पा २: मागणी कागदावर आणा

कोकणात इथेच सगळ्यात जास्त घसरतं. 'पाणी येतच नाही, मग अर्ज कशाला भरायचा?' हा शेतकऱ्याचा सवाल, आणि 'अर्जच नाहीत, मग पाणी कशाला सोडायचं?' हा कार्यालयाचा. हे चक्र तोडायचं तर सुरुवात आपल्यालाच करावी लागते, कारण अर्ज न केलेल्या माणसाची नाराजी सरकारी हिशोबात धरलीच जात नाही.

सिंचनाच्या हिशोबात रब्बी हंगाम १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि उन्हाळी हंगाम १ मार्च ते ३० जून असा आहे. हंगामाच्या आधी विभागाकडून जाहीर प्रकटन निघतं. त्यात अर्जाची शेवटची तारीख, कुठल्या पिकांना पाणी मिळणार आणि अटी दिलेल्या असतात. अर्ज नमुना नं. ७ मध्ये भरायचा. त्यात गट नंबर, क्षेत्र आणि पीक नीट लिहायचं. जुनी पाणीपट्टी थकलेली असेल तर मंजुरी अडते, म्हणून पावत्या शोधून ठेवा. पावती हरवली असली तरी कार्यालयातल्या खातेवहीत भरणा दिसतो, तिथे जाऊन पाहता येतं.

आता आपल्याकडची खरी अडचण: सामाईक सातबारा. एका उताऱ्यावर दहा नावं, त्यांतली आठ मुंबईला, एक सुरतेला, आणि शेत करणारी एक वहिनी गावात. ऑक्टोबरमध्ये सह्या गोळा करायला गेलात तर कुणी सापडणार नाही. संमतिपत्रं गणपतीत करून घ्या. चाकरमानी घरी आलेले असतात, आणि आरतीनंतर पंधरा मिनिटांत काम होतं. कोरं संमतिपत्र आधीच लिहून ठेवा: 'सदर गटातील अमुक क्षेत्रावर अमुक यांनी पाणी अर्ज करण्यास आमची हरकत नाही.' एवढं पुरतं. शेत खंडाने किंवा अर्धेलीने दुसरं कुणी करत असेल तर त्याचंही नाव त्यात घाला.

*सावधान:* वीस गुंठ्यांवर भात करणार आणि अर्जात दोन एकर लिहिणार, हे करू नका. पीक पाहणीत फरक निघाला की पुढे दाखवलेल्या प्रत्येक आकड्यावरचा विश्वास उडतो.

*तपासा:* अर्जाची पोच हातात आहे का? शिक्का आणि तारीख नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

टप्पा ३: यादी करा, आणि ती आउटलेटनुसार करा

ग्रामसभेत 'पाण्याबद्दल समाधानी आहात का, हात वर करा' असं विचारणं म्हणजे सर्वेक्षण नव्हे. ग्रामसभेला येणारे बहुधा गावठाणाजवळचे, आणि त्यांच्या जमिनी बहुतेकदा हेडलाच, म्हणजे मुखाजवळच, असतात. शिवाय समोर सरपंच, कधी कालवा निरीक्षक बसलेले. तिथे कोण काय बोलणार?

मायनरवर जितके आउटलेट असतील तितकी पानं घ्या. प्रत्येक पानावर त्या आउटलेटखालच्या खातेदारांची नावं पाण्याच्या वाटेने लिहा, म्हणजे पहिलं पाणी ज्याला मिळतं त्याचं नाव पहिलं. मग मायनरचे तीन भाग करा: हेड, मधला आणि टेल. २००५ च्या कायद्यातही संस्थेच्या समितीवर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व आहे, तेव्हा ही विभागणी कार्यालयाला परकी वाटत नाही.

खातेदार साठाच्या आत असतील तर सगळ्यांना विचारा. त्याहून जास्त असतील तर प्रत्येक भागातून ठरावीक अंतराने नाव घ्या, दर तिसरं किंवा दर चौथं. ओळखीची, बोलकी किंवा 'आपली' माणसं निवडू नका.

तीन प्रकारची माणसं यादीतून नेहमी सुटतात, त्यांची नावं मुद्दाम घाला:

- ज्यांनी वैतागून उन्हाळी पीक सोडून दिलं ते. हे आता पाणी वापरतच नाहीत, म्हणून त्यांना विचारायचं कुणाला सुचत नाही. पण सेवा किती बिघडली आहे हे त्यांच्याइतकं कुणीच सांगू शकत नाही.
- प्रत्यक्ष पाणी लावणारी बाई. सातबाऱ्यावर नाव दिराचं, आणि रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभी राहणारी ती. उत्तर तिचं हवं.
- दुसऱ्याची जमीन कसणारा.

टप्पा ४: पाणी सुटण्याच्या आधी कालवा चालून पाहा

तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस अंगावर घेतलेला कालवा ऑक्टोबरात कसा असतो हे वेगळं सांगायला नको. डोंगराच्या बाजूने दरड उतरलेली, तळात गाळ, अस्तराच्या सांध्यांतून झाडं वर आलेली. पाणी सुटायच्या किमान पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी मायनर मुखापासून शेवटपर्यंत चाला.

काय बघायचं? गाळ आणि झुडपं तर दिसतातच. न दिसणाऱ्या गोष्टी जास्त पाणी खातात. भरावाच्या बाहेरच्या अंगाला खेकड्यांची बिळं आहेत का पाहा. कालवा आणि मोरी किंवा जलसेतू (ओढ्यावरून कालवा नेणारा पूल) जिथे जोडले आहेत तिथल्या सांध्यात फट असते. जांभ्याच्या कापातून गेलेल्या भागात अस्तर नसेल तर पाणी बाजूने झिरपून खालच्या व्हाळात (ओढ्यात) जातं, आणि व्हाळ जानेवारीतही वाहताना पाहून लोक खूश होतात. गेटचं चाक फिरतं का, दार खाली टेकतं का, तेही पाहा.

प्रत्येक दोषाचा फोटो काढा, शेजारी माणूस किंवा पट्टी ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाइलमध्ये ठिकाण आणि वेळ उमटेल अशी सोय चालू ठेवा. फोटोसोबत एक ओळ लिहा: मायनरच्या मुखापासून इतके मीटर, डावी किंवा उजवी बाजू.

*सावधान:* शेतचारीची (आउटलेटपासून शेतापर्यंतच्या पाटाची) सफाई ही लाभधारकांची जबाबदारी आहे, जाहीर प्रकटनात ती अट असते. स्वतःची चारी गवताने भरलेली ठेवून कालव्याचे फोटो दाखवले तर पहिल्या बैठकीतच तोंडावर पडाल. आधी चारी मोकळी करा आणि तिचाही फोटो ठेवा.

टप्पा ५: पाणी चालू असताना मोजा

'पाणी अंगठ्याएवढं येतं' हे आपल्याला कळतं, अभियंत्याला त्यातून काही धरता येत नाही. मोजायला यंत्र लागत नाही, एक लिंबू, मोजपट्टी आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे.

शेतचारीचा सरळ, एकसारखा दहा मीटरचा तुकडा निवडा. दोन्ही टोकांना खुंटी मारा. पाण्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून सरासरी काढा, खोलीही तशीच. मग वरच्या खुंटीच्या थोडं आधी लिंबू प्रवाहाच्या मधोमध सोडा आणि ते खुंटी ते खुंटी किती सेकंदांत जातं ते पाहा. तीनदा करा आणि सरासरी घ्या.

समजा, रुंदी ०.६० मीटर आणि खोली ०.२० मीटर आली. दोन्हींचा गुणाकार ०.१२ चौरस मीटर. लिंबाला दहा मीटर जायला २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागावरचं पाणी तळातल्यापेक्षा वेगाने जातं, म्हणून याला ०.८ ने गुणायचं, ०.३२ आले. आता ०.१२ गुणिले ०.३२ म्हणजे सेकंदाला ०.०३८४ घनमीटर, सुमारे ३८ लिटर. हे पाणी दहा तास चाललं तर साधारण १,३८० घनमीटर होतं, आणि एक हेक्टरवर ते पसरलं तर जवळजवळ १४ सेंटिमीटर उभं राहील.

हीच मोजणी त्याच तासात चारीच्या मुखाशी आणि टेलला, दोन्ही ठिकाणी करा. मुखाशी ३८ आणि टेलला १४ निघाले, तर २४ लिटर मध्ये कुठे गेले हा प्रश्न उभा राहतो. ते कुणी घेतले की गळाले, हे शोधायला एकदा मधल्या सगळ्यांनी आपली दारं अर्धा तास बंद ठेवावीत आणि पुन्हा मोजावं. दारं बंद असतानाही जी तूट राहील ती गळती. बाकीचा हिशोब आपसातला आहे, तो आपसातच मिटवायचा. हे अर्ध्या तासाचं काम गावातली निम्मी भांडणं संपवतं, कारण 'तूच पाणी चोरतोस' याच्या जागी आकडा येतो.

मायनरच्या मुखाशी गेजपट्टी (पाण्याची उंची दाखवणारी पट्टी) किंवा फ्ल्यूम (पाणी मोजायचा बांधीव अरुंद भाग) असेल तर रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा वाचन लिहा. पाटकऱ्यांच्या नोंदवहीत हेच वाचन असतं. आपली आणि त्यांची नोंद जुळली तर तुमच्या कागदाचं वजन दुप्पट होतं.

*सावधान:* मुख्य कालव्यात किंवा वितरिकेत मोजायला उतरू नका. अस्तर शेवाळलेलं असतं आणि पाण्याला जोर असतो. मोजणी फक्त शेतचारीत.

*सावधान:* टेलला पाणी न्यायचं म्हणून कालवा फोडणं, गेटशी छेडछाड करणं, परवानगीशिवाय कालव्यावर पंप टाकणं हे महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम १९७६ खाली गुन्हे आहेत. एकाने केलं तरी सगळ्या गावाची बाजू पडते.

टप्पा ६: प्रश्न विचारताना आधी घडलेलं, मग वाटलेलं

आवर्तन संपल्यावर आठवड्याच्या आत विचारा. त्यापुढे लोकांना तारखा आठवत नाहीत आणि मागच्या वर्षीचं यात मिसळतं. शिमग्याच्या दिवसांत जाऊ नका. पालखी घरोघरी फिरत असते आणि मनं दुसरीकडे असतात.

विचारायला दुसऱ्या वाडीतली मुलं-मुली पाठवा, कॉलेजला जाणारी असली तर उत्तम. भावकीतला माणूस समोर असला की उत्तर बदलतं. शेताच्या बांधावर विचारा, घराच्या ओटीवर नको. बांधावर उभं राहिलं की माणूस हाताने दाखवतो, 'हे तीन वाफे भिजले, पलीकडचे दोन कोरडे', आणि विचारणाऱ्याला खाचरात करंगळी जाईल एवढी भेग स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

आधी हे विचारा:

१. या आवर्तनात तुमच्या शेतात पाणी कुठल्या तारखेला आलं? शेजपाळीत (कुणाला कधी पाणी, या पाळीपत्रकात) कुठली तारीख दिली होती?
२. किती तास मिळालं? दिवसा की रात्री?
३. पाणी येणार हे किती दिवस आधी आणि कुणाकडून कळलं?
४. शेत पूर्ण भिजलं का? किती गुंठे राहिलं?
५. त्या वेळी पीक कुठल्या अवस्थेत होतं?
६. पाणी कमी पडल्यावर काय केलंत? पंप लावला, विकत घेतलं, की सोडून दिलं?
७. कुणाकडे तक्रार केली का, आणि पुढे काय झालं?

पाचवा प्रश्न गाळू नका. उन्हाळी भात पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) किंवा फुलोऱ्यात असताना आठ दिवसांचा उशीर आणि लावणीनंतर स्थिरावलेल्या भाताला आठ दिवसांचा उशीर यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंगा धरणाऱ्या काड्या) सुटताना आणि शेंगा भरताना पाणी चुकलं तर वरून पीक हिरवं दिसतं आणि उपटल्यावर कळतं. उशिराचे दिवस सारखेच, नुकसान वेगळं. कार्यालयाला हे समजावून सांगायचं तर अवस्था लिहिलेली हवी.

यानंतरच समाधानाकडे या, आणि एक मोठा प्रश्न न विचारता सहा वेगळे विचारा: पाण्याची वेळ, पाण्याचं प्रमाण, पुढचं पाणी येईल याचा भरवसा, वाटपातला सारखेपणा, दुरुस्ती आणि सफाई, कर्मचाऱ्यांची वागणूक आणि माहिती. प्रत्येकाला उत्तरं तीनच: समाधानी, थोडंफार, असमाधानी. पाच-सात पायऱ्यांची मोजपट्टी कागदावर शोभते, बांधावर गोंधळ करते.

वागणूक वेगळी विचारायचं कारण आहे. पाटकरी चांगला माणूस असतो, मध्यरात्री हाकेला येतो, आणि लोक त्याच्या प्रेमापोटी सगळ्याच सेवेला 'चांगली' म्हणून मोकळे होतात. गेट मोडकं असण्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही, पण गेट मोडकं आहे हेही लपता कामा नये.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टेलच्या माणसाला 'समाधानी आहात का' विचारलं की तो पुष्कळदा 'बरं आहे' म्हणतो. 'आमचं काय, पावसावर भागतं.' दहा-पंधरा वर्षं पाणी न आल्यामुळे त्याने अपेक्षाच सोडलेली असते. त्याचं 'बरं' आणि हेडवाल्याचं 'बरं' एकाच रकान्यात घातलंत तर ज्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला तोच समाधानी म्हणून मोजला जाईल. म्हणून शेवटचा प्रश्न प्रत्येकाला, शब्द न बदलता, असाच विचारा: 'पुढच्या वर्षी पाणी ठरल्या तारखेला आणि पूर्ण मिळेल याची खात्री दिली, तर यंदा केलं त्याहून किती गुंठे जास्त कराल?' दडलेली नाराजी इथे गुंठ्यांत बाहेर येते. वाल-कुळथावर थांबलेला माणूस 'कलिंगड करीन, अर्धा एकर' म्हणतो, तेव्हा त्याच्या 'बरं आहे' मागे काय होतं ते कळतं.

*तपासा:* प्रश्नावलीवर नाव लिहू नका, फक्त क्रमांक आणि भाग. कुठल्या क्रमांकाचं कोण ही यादी वेगळी, एकाच माणसाकडे. शेजाऱ्याने पाणी अडवलं असं कुणी सांगितलं असेल तर ते बाहेर जाऊन भावकीत वाद पेटता कामा नयेत.

टप्पा ७: हिशोब तीन रकान्यांत, सरासरी नको

कल्पना करा, तीस जणांना विचारलं, प्रत्येक भागात दहा. वेळेबद्दल हेडला नऊ समाधानी, मध्ये सहा, टेलला दोन. सगळे मिळून सतरा. 'निम्म्याहून अधिक शेतकरी समाधानी' असं वाक्य तयार झालं, आणि टेलची तक्रार त्यात बुडाली. म्हणून एकत्र आकडा काढूच नका. हेड नऊ, मधला सहा, टेल दोन, असंच शेजारी-शेजारी मांडा. हा एकच तक्ता सगळं सांगतो.

त्याखाली दुसरा तक्ता: शेजपाळीतली तारीख, प्रत्यक्ष आलेली तारीख, तास, मोजलेलं पाणी. तिसरा कागद फोटोंचा. दोन पानांपेक्षा जास्त लिहू नका. भावना खऱ्या असल्या तरी 'शेतकऱ्यांवर घोर अन्याय' असले शब्द गाळा, त्यांची जागा तारखेला द्या.

टप्पा ८: कुठली मागणी कुठल्या टेबलावर

लेखी निवेदन देण्याआधी शाखा अभियंत्यांना भेटा आणि पाणी चालू असतानाच एकत्र पाहणीची विनंती करा. कोरड्या कालव्यावर केलेली पाहणी फोटोपुरती असते. पाहणीनंतर काय दिसलं ते तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या घ्या.

मग मागण्या वाटून घ्या. शेजपाळीची तारीख, रात्रीचं-दिवसाचं पाणी, गेट उघडण्याची वेळ, ही कामं शाखा पातळीवर मिटतात. गाळ काढणं, गेटची दुरुस्ती उपविभागाकडे. अस्तर फुटलेलं, जलसेतू गळतो, दरड वारंवार येते, याला अंदाजपत्रक लागतं, ते विभागाकडे, कार्यकारी अभियंत्यांच्या नावाने. एका पत्रात एकाच पातळीची मागणी ठेवा. आठ मागण्यांचं पत्र गेलं की सगळ्यात सोप्या मागणीला उत्तर येतं आणि बाकीच्या सात तशाच राहतात.

वेळही पाहा. मोठ्या दुरुस्तीची मागणी मार्चमध्येच जाऊ द्या, म्हणजे अंदाजपत्रक पावसाआधी होण्याची शक्यता राहते आणि काम पुढच्या रब्बीपूर्वी हाती घेता येतं. ऑक्टोबरात 'अस्तर करा' म्हणालात तर पाणी सोडायचं की अस्तर करायचं, असा उलटा प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

आवर्तनांची संख्या आणि तारखा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत चर्चेला येतात. तुमचा दोन पानी कागद बैठकीच्या आधी सदस्यांच्या हाती गेला पाहिजे. बैठकीच्या दिवशी दिलेला कागद कुणी वाचत नाही.

प्रत्येक पत्राची पोच आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा, माहिती तीस दिवसांत द्यायची असते. 'पाणी का सोडले नाही' असा प्रश्न तिथे विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. कागद मागा: त्या हंगामाचं जाहीर प्रकटन, मंजूर आवर्तन कार्यक्रम, आपल्या मायनरची गेज नोंदवही, देखभाल-दुरुस्तीच्या कामांची यादी आणि खर्च. आपल्या नोंदींशी ते ताडून पाहिले की बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप समोर येतात. पाणी वापर संस्थेला ठरलेला हक्कच मिळत नसेल तर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्यांकडे जाण्याची तरतूद आहे. तिथे जाताना वर सांगितलेल्या सगळ्या नोंदी लागतात, सह्यांचं निवेदन चालत नाही.

टप्पा ९: पुढल्या हंगामात तेच पुन्हा

एका वर्षाचे आकडे तक्रार मांडायला पुरतात. दुरुस्ती झाल्यावर फरक पडला का, हे दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांशिवाय कळत नाही. म्हणून काम झालं तरी सर्वेक्षण थांबवू नका. तीच यादी, तेच आउटलेट, लिंबू सोडायची तीच जागा. खुंट्या काढू नका, तिथे एक-एक चिरा पुरून ठेवा.

टेलला समाधानी माणसं या वर्षी दोनची पाच झाली असतील तर तेही पत्र लिहून शाखा अभियंत्यांना कळवा, आणि कार्यकारी अभियंत्यांना प्रत पाठवा. ज्या कर्मचाऱ्याने दरड उपसायला दोन दिवस स्वतः उभं राहून काम करून घेतलं त्याच्याबद्दलही वरच्या टेबलावर कागद जायला हवा.

भरलेल्या प्रश्नावल्या संस्थेच्या दप्तरात ठेवा, एका माणसाच्या घरी नको. आणि प्रश्नांचे शब्द कितीही सुचले तरी बदलू नका. नवा प्रश्न घालायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी घाला.